पासंग

कालिम्नोस बेटावर, बंदरामागच्या वखारीत
एकोणतीस वर्षं मी स्पंजांची तागडी धरली.
बुडी मारणारे वेगळे. मी फक्त तोललं.
पहिला धडा: स्पंज ओला तोलू नये.
दुसरा: सुकाही झटकून घ्यावा,
लोक आत वाळू भरतात.
तिसरा कुणी शिकवला नाही, हातालाच कळला.
रिकाम्या तागडीचा काटासुद्धा मध्यावर नसतो.
हलक्या पारड्याखाली शिशाचा एक तुकडा बांधायचा,
गिऱ्हाइकाला न दाखवता.

आता थेमेलीना म्हणते,
“काका, तुम्हीच तोला.”
भावाची मुलगी. आठवडाभर औषधांच्या दुकानात
म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या मोजून देते,
आणि रविवारी एका श्वासावर
अडुसष्ट मीटर खाली जाऊन येते.
पाठीवर नळकांडं नाही, हातात जाळी नाही.
दोरीच्या टोकाला एक पाटी लटकलेली असते,
तिच्यावरची चिठ्ठी खुडून आणायची.
बस्स. कोरी चिठ्ठी.

बरं. एका पारड्यात काय घालू?
ओन्द्रेय घालतो. ब्रातिस्लाव्हाचा पोरगा, गेल्या सप्टेंबरातला.
वर आला, हसला,
आणि हसता हसताच विझला.
त्याच्या आईला मी बंदरावर कॉफी नेऊन दिली.
तिनं एवढंच विचारलं,
पाणी गार होतं का?

तिचा बाप घालतो, साकेलारिस.
थेमेलीना तीन महिन्यांची होती तेव्हा
तो खोलातून घाईनं वर आला
रक्तात हवेचे बुडबुडे घेऊन.
तेव्हापासून लग्नाकार्यात सगळे फेर धरतात
आणि तो खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून.
त्या दिवशीचा माल भरला चौदा किलो,
दुसऱ्या प्रतीचा.
मीच तोलला होता.

“पण ते पोटासाठी होतं,” मी तिला म्हणतो.
“पोटासाठी गेलेल्याला कुणी जाब विचारत नाही.
तू कशासाठी जातेस?”
ती ऑलिव्हची बी चघळत राहिली.
मग म्हणाली, “तीस मीटरनंतर पोहावं लागत नाही.
समुद्रच ओढून घेतो.
हात अंगाशी धरायचे आणि पडत राहायचं.
तिथं मला कुणी हाक मारत नाही.
मीसुद्धा नाही.”

हे कुठल्या वजनानं तोलू, पोरी?
माझ्याकडे अर्ध्या किलोपासून पुढची होती.

साकेलारिस इतका वेळ गप्प होता.
जिवावर आलेल्या गोष्टी तो नेहमी गप्प राहूनच सांगतो.
अचानक त्यानं विचारलं,
“चाळिसाच्या खाली खडकावरचं ते लाल अजून दिसतं का?”
“दिवा नेला तर दिसतं. नाहीतर काळंच.”
“आम्ही दिवा नेत नव्हतो,” तो म्हणाला,
“तरी मला दिसायचं.”
आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत राहिला,
वाळू भरलेला स्पंज विकताना
चांगली माणसं टाळतात तसं.

म्हणजे ते पोटासाठीच नव्हतं तर.
इतकी वर्षं भावाच्या पारड्याखाली
शिशाचा तुकडा होता
आणि मी, तागडीवाला, मला पत्ता नाही.

आज रविवार. होडीत तिघं.
साकेलारिसनं निकामे पाय पाण्यात सोडलेत,
गुडघ्यापर्यंत, दोन्ही हातांनी उचलून.
माझ्या मुठीत घड्याळ.
दोरी थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली.
अडीच मिनिटांनी डोकं वर.

आता पंधरा सेकंद.
मास्क काढायचा, बोटांचा गोल करून दाखवायचा,
मग म्हणायचं, मी ठीक आहे.
याच क्रमानं. क्रम चुकला तर बुडी बाद.

पाच. ओठ जांभळे.
सात. मास्क निघाला.
नऊ. बोटं एकमेकांना शोधतायत.
साकेलारिसच्या हातातली काठी
पाण्यात पडली, कुणी बघितलं नाही.
अकरा. गोल.
ती हसते आहे.
हसू नको, पोरी, हसू नको, आधी बोल.

बारा.

ती तोंड उघडते